विरजण, जिलेबी आणि बॉम्ब

२३ पानं, पानाला ३ रुपये, एकूण ६९. शिवाय ‘बॉम्ब निकामी करण्याची पुस्तिका’ हे शीर्षक बघून झेरॉक्सवाल्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, त्याचा हिशेब वेगळाच. हे पैसे घरात अजून कुणी मला दिलेले नाहीत.

खेळ कॅनडातल्या स्टील क्रेट गेम्सचा, २०१५ चा. नाव ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’. एकाला लॅपटॉपवर बॉम्ब दिसतो, पण पुस्तिका बघायची नाही. दुसऱ्याकडे पुस्तिका, पण बॉम्ब बघायचा नाही. पहिल्या बॉम्बला ५ मिनिटं. लग्नाला १९ वर्षं झालेल्या माणसाला ही रचना ओळखीची वाटावी.

“वायर किती?”

“आहेत चार-पाच.”

“चार की पाच?”

“चार. ओरडू नका. एक लाल, एक आपल्या जुन्या पडद्याच्या रंगाची...”

“कुठला पडदा?”

“तोच. तुम्हाला आवडला नव्हता तो.”

मला पडदा आवडला होता. मी फक्त किंमत विचारली होती. हे स्पष्ट करण्यात चाळीस सेकंद गेले. मग मी “दुसरी काप” म्हणालो आणि हिने खालून दुसरी कापली. चूक झाली की घड्याळ आणखी जोरात पळतं.

एवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि वाटी हातात धरून हिच्या मागे उभ्या राहिल्या. लॅपटॉपवर बॉम्बची चार बटणं, प्रत्येकावर विचित्र चिन्ह. पुस्तिकेत चिन्हांचे सहा स्तंभ. चारही चिन्हं एकत्र ज्या स्तंभात असतील, त्याच्या क्रमाने बटणं दाबायची.

“हे आहे ना, ते... ते हो,” ही म्हणाली.

“जिलेबी,” काकू म्हणाल्या.

“कसली जिलेबी?”

“अरे, घालताना हात हलला की होते ती!”

आणि खरंच होती. हात हललेली.

“त्याच्या शेजारी जावा-जावा. पाठीला पाठ लावून बसल्यात. आणि रांगोळीतली चांदणी, रंग न भरलेली.”

मी असतो तर ‘आरशातल्या प्रतिबिंबासारखी दोन अक्षरं’ असं काहीतरी म्हणालो असतो आणि बॉम्ब फुटला असता. तो फुटलाच, पण चिन्हं संपल्यावर, पुढच्या एकट्या बटणाला. मी “जर बॅटऱ्या एकापेक्षा जास्त असतील आणि...” असा नियम शब्दशः वाचत होतो. वाक्याचं क्रियापद येण्याआधी धडाम.

“तू फार सगळं सांगतोस रे,” काकू म्हणाल्या. हिने मान डोलावली. इतक्या जोरात डोलवायची गरज नव्हती.

पूर्ण वाक्य बोलणं हा या घरात दोष आहे. मिक्सरची पुस्तिका अख्ख्या घरात मी एकट्याने वाचली आणि मिक्सरला हात लावायची बंदीही मलाच आहे. दुसऱ्या खेपेला पुस्तिका काकूंकडे गेली. मला चष्मा शोधायला पाठवलं. काकूंचा. तो सापडेपर्यंत बॉम्ब निकामी झाला होता, दोघी टाळ्या देत होत्या आणि जावा-जावांच्या पानावर ओली वाटी ठेवलेली होती. म्हणजे आणखी ३ रुपये.

रात्री नऊला परत बेल वाजली.

“अगं, ते राहिलंच,” काकू म्हणाल्या.

ही आत गेली आणि वाटी भरून घेऊन आली.

मी दारातच उभा होतो. “काय राहिलं?” मी विचारलं.