पाचशे अश्वशक्ती हवी कशाला?

माझ्या भाच्याने साठवलेले सगळे पैसे घालून गेल्या वर्षी जुनी निसान सिल्विया एस15, म्हणजे मागच्या चाकांवर चालणारी जपानी स्पोर्ट्स कार, घेतली. गेल्या आठवड्यात त्याने मला एक लांबलचक मजकूर पाठवला आणि खाली विचारले, "मामा, हे खरे आहे का? असेल तर मोठा टर्बो मागवून टाकतो." टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा. गाड्यांच्या शौकिनांमध्ये हा मजकूर बराच काळ फिरतो आहे आणि थोड्याफार फरकाने तो मी अनेकदा वाचला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ट्यून केलेली (ताकद वाढवण्यासाठी फेरफार केलेली) जपानी स्पोर्ट्स कार पाचशे अश्वशक्तीच्या आत असेल तर ते काम अर्धवट, कायद्याने 280 वर अडवल्यामुळे या गाड्या कारखान्यातूनच लगाम घालून बाहेर पडल्या, ताकद वाढली की लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची, वेळ आपोआप उतरते, टोयोटा सुप्राचे इंजिन आतून हात न लावता हजार अश्वशक्ती पेलते, तेव्हा इतरांनाही भिण्याचे कारण नाही, आणि टायर-ब्रेकचे नंतर बघता येते. बाकीच्या मुद्द्यांनी फार तर पैसे वाया जातील, पण या शेवटच्या वाक्याने जीव जाऊ शकतो, म्हणून मी हे लिहायला बसलो.

आधी पाचशेचा आकडा पाहू. इंजिन कितीही दणकट असले तरी मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला पुढे ढकलतात ते मागच्या दोन टायरांचे रस्त्याला टेकलेले, जेमतेम तळहाताएवढे भाग. एस15 चालकासह सुमारे 1300 किलोची धरली आणि जोरात वेग घेताना त्यातला 58 टक्के भार मागच्या चाकांवर येतो असे मानले, तर कोरड्या डांबरावर चांगल्या टायरांकडून मिळणारा जोर फार तर 7400 न्यूटनच्या आसपास जातो. शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग, हे शाळेत शिकलेले सूत्र येथे लावले की ताशी 60 किलोमीटरला ही चाके सुमारे 168 अश्वशक्तीच रस्त्यावर उतरवू शकतात आणि ताशी 100 ला सुमारे 280. त्याहून जास्त दिले तर चाक जागेवर फिरते, टायर जळतो आणि गाडीचा शेपटाकडचा भाग बाजूला सरकतो. चाकांपाशी पूर्ण 500 वापरायचे असतील तर गाडी ताशी 180 च्या पुढे गेलेली असावी लागते, आणि तीही सरळ रेषेत, कारण वळणावर टायरच्या पकडीचा मोठा वाटा गाडीला आत धरून ठेवण्यात आधीच खर्च झालेला असतो. पाऊस पडला की हे सगळे आकडे आणखी खाली येतात. हा हिशेब ढोबळ आहे, टायरमधल्या हवेचा दाब आणि टायरचा प्रकार यांनी तो थोडा इकडेतिकडे होईल. पण तो इतका चुकणार नाही की पाचशे ही किमान गरज ठरावी.

ताकद वाढली की लॅपची वेळ उतरते, या म्हणण्याला उत्तर निसाननेच देऊन ठेवले आहे. 1989 ची स्कायलाइन जीटी-आर आर32 आणि 1995 ची आर33 या दोन्ही गाड्यांत आरबी26डीईटीटी हेच 2.6 लिटरचे, दोन टर्बोंचे इंजिन होते आणि दोन्हींची जाहीर ताकद 280 च होती. आर33 तर जवळपास शंभर किलोने जड होती. तरीही जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या लांब ट्रॅकवर ती आपल्या आधीच्या गाडीपेक्षा 21 सेकंद लवकर आली, 7 मिनिटे 59 सेकंदांत, आणि निसानने हा फरकच आपल्या जाहिरातीचा विषय केला. हा कंपनीचा स्वतःचा दावा आहे आणि त्या फेरीला वापरलेली गाडी शोरूममधल्या गाडीशी तंतोतंत सारखी नव्हती असे म्हटले जाते, हे मी मान्य करतो. त्यासाठी हवे तर त्यातले काही सेकंद वजा करावेत. उरलेले सेकंद आले ते अधिक ताठ बॉडीतून, सुधारलेल्या सस्पेन्शनमधून, मागच्या डिफरन्शियलमधून (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या भागातून) आणि 225 ऐवजी 245 मिलिमीटर रुंदीच्या टायरांमधून. ट्यूनिंगचे पैसे कुठे घालावेत, असे मला कोणी विचारले की मी हे एकच उदाहरण देतो.

लगामाच्या गोष्टीत मात्र अर्धे सत्य आहे आणि ते नाकारून चालणार नाही. 280 चा कायदा कधीच नव्हता. जपानमधील रस्ते अपघातांतले मृत्यू वाढत असताना वाहन उत्पादकांनी आपसात पाळलेला तो समजूतदारपणा होता आणि 2004 मध्ये होंडाने 300 अश्वशक्तीची लेजंड आणल्यावर तो संपला. कागदावर 280 लिहिलेल्या काही गाड्या प्रत्यक्षात त्याहून बऱ्यापैकी जास्त ताकद देत होत्या, हेही खरे. पण मग त्यांना कारखान्यातूनच लंगडी म्हणण्याला काय अर्थ उरतो? शिवाय भाच्याच्या एस15 ला कारखान्यातून 250 च मिळाले होते. तिला 280 चा लगाम लागलाच नव्हता.

आता ब्रेक. काही वर्षांपूर्वी एका परिचिताच्या गाडीत मी ट्रॅकवर शेजारच्या सीटवर बसलो होतो. टर्बो नवा, बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवलेला, पण ब्रेकचे पॅड आणि फ्लुइड (पायाचा जोर चाकापर्यंत नेणारा द्रव) जुनेच. चौथ्या फेरीला सरळ पट्ट्याच्या टोकाशी त्याने पाय दाबला आणि पेडल स्पंजासारखे आत गेले. जळक्या पॅडचा उग्र वास गाडीत भरला होता आणि तो पेडल पुन्हा पुन्हा मारत होता. वळणाबाहेर वाळूचा रुंद पट्टा होता, म्हणून आम्ही दोघेही धडधाकट बाहेर आलो. रस्त्याच्या कडेला असा पट्टा नसतो.

असे का होते, हे समजून घ्यायला हवे. गाडी थांबवताना तिची सगळी गतिज ऊर्जा डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन उतरते, आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्याच सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी 160 ऐवजी 200 ने पोचलात तर वेग वाढला 25 टक्के, पण ब्रेकवरची उष्णता वाढली 56 टक्के. डॉट 4 दर्जाचे फ्लुइड नवे असताना किमान 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये अशी अट असते; त्यात ओलावा मुरला की हीच मर्यादा 155 अंशांवर येते. फ्लुइड उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायाचा जोर कॅलिपरपर्यंत, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापर्यंत, पोचतच नाही. "ब्रेकचे नंतर बघू" असे लिहिणाऱ्याने हे एकदा तरी स्वतःच्या पायाखाली अनुभवले असते, तर ते वाक्य लिहिताना त्याचा हात थांबला असता.

सुप्राच्या 2जेझेड-जीटीई इंजिनाबद्दल फार बोलायला नको. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, सात मुख्य बेअरिंगे, घडीव क्रँकशाफ्ट. ते इंजिन खरोखर मजबूत आहे. पण दमदार इंधनपुरवठा आणि काळजीपूर्वक केलेले मॅपिंग (इंजिनाच्या संगणकातली जुळणी) यांशिवाय ते मोठे आकडे गाठत नाही, आणि गाठले तरी क्लचपासून मागच्या एक्सलपर्यंत सगळे बदलावे लागते. सिल्वियाचे एसआर20डीईटी दोन लिटरचे, अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचे आहे आणि एस15 चा सहा गिअरचा गिअरबॉक्स वाढीव टॉर्कपुढे नाजूक म्हणून ओळखला जातो. एकाची ताकद दुसऱ्याच्या नावावर जमा होत नाही. शिवाय पाचशेसाठी लागणारा मोठा टर्बो वरच्या आवर्तनांतच, म्हणजे इंजिन जोरात फिरू लागल्यावरच, जागा होतो, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना गाडी आधी मरगळलेली वाटते आणि नंतर एकदम झेपावते, नेमकी तेव्हा जेव्हा स्टिअरिंग अजून वळलेले असते.

सरळ पट्ट्यावर ड्रॅग शर्यत हाच ज्याचा शौक आहे, त्याने तशा टायरांवर पाचशे काय, त्याहून जास्तही घ्यावे. त्याचा हिशेब वेगळा आहे. भाचा घाटरस्त्याने फिरतो आणि वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर जातो. त्याला मी इंजिनपाशी 300 ते 320 सांगितले आहे, आणि तेही शेवटी. आधी फ्लुइड आणि पॅड, मग टायर, मग सस्पेन्शनचे झिजलेले बुश (रबरी सांधे) आणि डँपर (धक्के शोषणारे भाग), मग थंड ठेवण्याची व्यवस्था, आणि त्यानंतर बूस्ट. मोठ्या टर्बोचा विचार त्याने अजून सोडलेला नाही, पण काल रात्री त्याने विचारले की सध्या गाडीत असलेले ब्रेक फ्लुइड कधी बदलले होते हे कसे कळेल. मी त्याला सांगितले, कळत नसेल तर आजच बदल.