पुस्तकाला वेळ कुठून मिळतो, या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

येसर म्हणजे भाजलेली धान्यं-डाळी दळून केलेलं आमच्याकडचं पीठ. त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की चिपट्या-मापट्यातली मापं शहरातल्या माणसाला कळत नाहीत, येसरात बाजरी नसतेच, ती मी कुठून आणली, ज्या बायकांकडून पाककृती घेतल्या त्यांची नावं कुठेच नाहीत, आणि शेवटी हे वाक्य: "शेती ही तुमची हौस दिसते, कारण खऱ्या शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला पुस्तक लिहायला वेळच मिळत नाही."

मापांचं म्हणणं रास्त आहे. मी लिहिते आहे त्या पाककृतींच्या पुस्तकात प्रत्येक पाककृतीला ग्रॅमचं प्रमाण असेल, इथेही यापुढे देत जाईन. बाजरीचं म्हणाल तर आमच्याकडे घालतात, तुमच्याकडे घालत नसतील. नावांचा विषय माझ्यात आणि त्या बायकांत आहे, तो चारचौघांत चघळायचा नाही.

राहिलं ते शेवटचं वाक्य. "एवढ्या कामात लिहायला वेळ कसा काढता?" असं विचारलं असतंत तर मी आनंदाने सांगितलं असतं. अनेकींनी विचारलंय, त्यांना सांगितलंही आहे. तुम्ही विचारलं नाही, निकाल देऊन मोकळे झालात. तोही आमचं रान न बघता, लेखातल्या दोन फोटोंवरून. ज्या बाईला तुम्ही कधी भेटला नाहीत तिच्या घामाला हौस म्हणायचं आणि वर स्वतःचं नावही लिहायचं नाही, ही कुठली रीत? मतभेद असू द्या, पण बोलायची काही पद्धत असते. आमच्या गावात पारावर वाद घालणारा माणूससुद्धा समोर बसून घालतो.

तर ऐका.

औसा तालुक्यात आमचं पाच एकर रान आहे. दीड एकर विहिरीखाली, बाकी कोरडवाहू. लक्ष्मीमुक्ती योजनेतून सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर माझं नाव लागलेलं आहे, त्यामुळे "शेतकऱ्याच्या घरातली बाई" एवढीच माझी ओळख नाही, मी शेतकरी आहे. सालगडी ठेवायची ऐपत नाही. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि शाळेतली दोन मुलं. भाऊजी-जाऊबाई लातूरला असतात, सुगीला येतात. पंचाहत्तर-शंभर मिलिमीटर पाऊस झाला की सोयाबीन-तुरीची पेरणी, मग कोळपणी, खुरपणी, फवारणी. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत कापणीला येतं आणि परतीचा पाऊसही तेव्हाच येतो. कापणी गुत्त्याने, म्हणजे उक्ती द्यावी तर सगळ्या शिवाराची एकाच वेळी, माणूस मिळत नाही. कापून पडलेलं भिजलं की शेंगेतच मोड येतात, मग अडतीवर कोणी धड भाव सांगत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पावसाने काय केलं ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. आमच्या खालच्या पट्टीतलं उभं सोयाबीन पाण्यात होतं. त्या महिन्यात पुस्तकाची एक ओळ लिहून झाली नाही. प्रकाशकांचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, आधी पाणी ओसरू द्या. हौस असती तर तेव्हाच रान सोडून लातूरला खोली केली असती आणि पुस्तक कधीच छापून आलं असतं.

आता वेळेचं. काळ्या रानात पाऊस पडून गेला की वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती कामाजोगी सुकेपर्यंत पाय ठेवता येत नाही. औत चालत नाही, खुरपं चालत नाही, चिखल गुडघ्याला धरतो. ज्या दिवसांत शेतकरी आभाळाकडे बघत ओट्यावर बसलेला असतो त्या दिवसांत मी लिहिते. पावसाळ्यातली बहुतेक प्रकरणं अशी झाली आहेत. आणि रब्बीत लाईटीची पाळी. थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी द्यायला आम्ही दोघंही आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर असतो. ते दारं धरतात, म्हणजे पाणी वाफ्यांत वळवतात, मी मोटारीजवळ बसते, कारण लाईट मध्येच जाते आणि आली की कोणीतरी तिथे लागतं. तिथे टॉर्चच्या उजेडात माझी वही उघडी असते. उन्हाळ्यात तुम्हाला वाटेल मोकळीक असेल. तर नाही. पापड, कुरडया, शेवया, वर्षाची डाळ, मसाला, येसर, सगळं चैत्र-वैशाखात. तेव्हा हात इतके भरलेले असतात की पेन धरायची सोय नसते. पण त्या दिवसांत बघून ठेवलेलं पुढे पावसाळ्यात कागदावर येतं.

म्हणजे शेतीतून वेळ चोरून पुस्तक लिहिलं जात नाही. शेती ज्या दिवशी मला घरी बसवते त्या दिवशी लिहिलं जातं. आणि काय लिहायचं तेही रानच ठरवतं, हे तुमच्या ध्यानात आलेलं नाही.

एक उदाहरण देते. करडई पेरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी विरळणी करावी लागते. दाट उगवलेली रोपं उपटायची, नाहीतर उरलेल्यांना फुटवे धरत नाहीत. त्या उपटलेल्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, लसूण आणि भरड डाळ घालून. ती मंडईत सहसा विकायला येत नाही. पुढे पानांना काटे येतात की संपली. ज्याने विरळणी केली नाही त्याच्या ताटात ही भाजी कशी येणार? करडईचा पेराच आता आमच्या भागात कमी झालाय, बांधाला दोन ओळी घालणारेही थोडे राहिलेत. पुस्तकात ती भाजी आहे, कारण आमच्या रानात करडई आहे.

ज्वारीचंही तेच. आम्ही दरवर्षी थोडी मालदांडी घालतो. हिशेब मांडला तर परवडत नाही, हे नवऱ्यालाही कळतं आणि मलाही. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात एकेक धाट हाताने उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. त्या कामाला माणसं नाहीत, म्हणून शिवारातली ज्वारी मागे सरली आणि खरिपात सोयाबीन पसरलं. ज्या पिकावर आमचं घर चालतं ते सोयाबीन आम्ही खात नाही. आमच्या चुलीवर त्याची एक पारंपरिक पाककृती नाही. जे खातो ते रानातून कमी होत चाललंय. २०२३ हे साल आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा शहरातल्या कितीतरी जणींनी मला ज्वारीच्या नव्या पाककृती मागितल्या. मी दिल्या. पण भाकरीच्या प्रकरणात उपटणीची दोन पानं आहेत ती मुद्दाम आहेत. भाकरी थापायच्या आधी काय काय घडतं हे वाचणाऱ्याला कळायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि ती पानं कमी करा असं सांगणाऱ्यांचं मी ऐकलेलं नाही.

आणखी एक सांगते, मग तुम्हीच ठरवा ही हौस आहे का. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवसला, रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी करून पूजा होते आणि भज्जी, उंडे, आंबिल यांचं जेवण होतं. भज्जीत तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, मेथी, चुका, पात, असेल ते सगळं, आंबट ताकात कालवलेल्या बेसनात शिजवलेलं. २०१५ला आमच्याकडे रब्बी उगवलाच नाही. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. त्या येळवसला रानात ओला दाणा नव्हता, म्हणून सासूबाईंनी घरातली तूर, मूग, हुलगे रात्री भिजवले आणि वाळवून ठेवलेल्या मेथीवर भज्जी केली. मी म्हटलं, यंदा घरीच पूजा करू. त्या म्हणाल्या, "रान उपाशी हाय म्हणून त्येला जेवायला बोलवायचं नाही व्हय?" आम्ही त्या कोरड्या रानात जाऊन जेवलो. ती भज्जी पुस्तकात वेगळी दिली आहे. फोटो काढायला शेतात येणाऱ्या माणसाला ती कुठे मिळणार होती?

माझ्या लिहिण्याचं मूळ याहून जुनं आहे. माहेर किल्लारीच्या जवळचं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात आमचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं घर पडलं तेव्हा मी लहान होते. त्यानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. बाहेरून मदतीचं अन्न येत होतं, देणाऱ्यांचे उपकारच आहेत, पण आजीच्या घशाखाली ते उतरत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात शेडमधल्या बायकांनी मिळून येसर भाजायला घेतलं. कोणी गहू आणि हरभऱ्याची डाळ, कोणी ज्वारी, आणि एका मावशींनी बाजरी आणली. मावशींच्या गावात तसंच करत. सगळं एकत्र भाजलं, जात्यावर दळलं. आमच्या घरात तेव्हापासून येसरात बाजरी असते. आजी गेली तेव्हा तिचं निम्मंअधिक ज्ञान तिच्याबरोबर गेलं, कारण लिहून कोणी घेतलं नव्हतं. मला लिहिता येत होतं आणि मी लिहिलं नाही, ही खंत मनात आहे. सासूबाईंच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही म्हणून ही वही आखाड्यावर जाते.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तिच्याखाली काहींनी तुम्हाला कडक शब्दांत सुनावलंय, त्यांना माझी विनंती आहे की थांबा, उत्तर द्यायला मी समर्थ आहे. तुम्हाला पुन्हा लिहायचं असेल तर अवश्य लिहा. आधी हिवाळ्यातले जुने लेख वाचा आणि लिहिताना खाली स्वतःचं नाव घाला. परवाच्या पावसाने वाफसा नव्हता म्हणून आज एवढं लिहिता आलं. उद्यापासून ज्वारीची पेरणी धरायची आहे. त्यानंतर ग्रॅमच्या प्रमाणासह येसर पुन्हा देईन, बाजरी घालूनच.