'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : रडगाणं नेमकं कुणाचं?

स्पष्टवक्ता महोदय,

भोसरीच्या टूलरूममधून (साचे बनवायच्या-दुरुस्तीच्या विभागातून) नोकरी सोडून गेलेल्या डायफिटरवर, म्हणजे पत्रा कापायचे साचे (डाय) जुळवणाऱ्या कारागिरावर, मी लिहिलं, त्याखाली आपली प्रतिक्रिया अशी : "हे निवृत्त सुपरवायझरचं रडगाणं आहे. माणूस गेला की दुसरा मिळतो. एकाला वाढ दिली की पन्नास जण रांग लावतात. शिवाय ग्रॅच्युइटीचा हिशेबही चुकलाय."

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे आपण बरोबर आहात. मी ग्रॅच्युइटी एकूण पगारावर धरली होती. तेव्हा लागू असलेल्या १९७२च्या कायद्याप्रमाणे ती मूळ पगार अधिक महागाई भत्ता यावर निघायची, नोकरीच्या दर वर्षाला १५ दिवसांची, महिना २६ दिवसांचा धरून. चूक कबूल.

आता 'रडगाणं'. दोन दिवस हा शब्द डोक्यातून जाईना. बायको म्हणाली, "सोडून द्या हो." नाही सोडवत. मत पटलं नाही तर तसं लिहावं, त्याला माझी कधीच ना नाही. पण स्वतःचं नाव झाकून ठेवायचं, वर टोपणनाव 'स्पष्टवक्ता' घ्यायचं आणि दुसऱ्याच्या तीस वर्षांच्या नोकरीला एका शब्दात निकालात काढायचं, याला आमच्याकडे स्पष्टवक्तेपणा म्हणत नाहीत. आणि रडगाणं तो गातो, ज्याचं काही गेलेलं असतं. माझं काय गेलं? माझी इन्क्रिमेंट वेळेवर झाली, बढतीही मिळाली. गेला तो दुसरा. त्याला "पुढच्या वर्षी बघू" हे तिसऱ्यांदा सांगायचं ठरलं वरच्या केबिनमध्ये. सांगितलं मी, त्याच्या बाकापाशी उभं राहून. हे मूळ लेखात स्वच्छ लिहिलंय. वाचलंत का?

"माणूस गेला की दुसरा मिळतो." मिळतो ना! आम्हाला आठवड्यात मिळाला. आयटीआय झालेला, सरळ मुलगा, ड्रॉइंग वाचण्यात पहिल्यापेक्षा सरस. डायला धार लावली की तिच्यातला कापणारा तुकडा, म्हणजे इन्सर्ट, तेवढा बुटका होतो, म्हणून खाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, घालून उंची परत आणतात. मुलाने ती नियमाप्रमाणे सगळीकडे सारखी घातली. नियम बरोबर होता, वाकडी होती ती प्रेस, डाय चालवणारं यंत्र. तिचा बेड एका कोपऱ्यात दबलेला, आणि जुना फिटर त्या कोपऱ्यात पितळी पत्र्याचा एक बारीक तुकडा जास्तीचा सरकवायचा. हे ना ड्रॉइंगवर, ना रजिस्टरमध्ये. मलाही ठाऊक नव्हतं, आणि मी त्याचा सुपरवायझर. एक मिलिमीटर पत्र्याला पंच (वरून पत्र्यात घुसणारा भाग) आणि डाय यांच्यामधली फट शतांश मिलिमीटरमध्ये सांभाळायची असते. ती एका बाजूला सरकली की मालाला त्या कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा, येते आणि पंच घासत जातो. आमचा तर तुटलाच.

त्या महिन्यात काय काय झालं? माल परत आला. चार माणसं ग्राहकाच्या गेटवर बसून एकेक नग तपासत होती. नवा पंच हीट ट्रीटमेंटला, मग वायरकटला (विजेच्या तारेने आकार कापायला), मग ट्रायआउट, म्हणजे चाचणी. रात्रीचे टेम्पो वेगळे. फिटरने मागितले होते महिन्याला अडीच हजार जास्त आणि एक वरची ग्रेड. म्हणजे वर्षाचे ३० हजार. टेम्पो, ओव्हरटाइम आणि सॉर्टिंगवरच त्याहून जास्त उडाले, पंच सोडून. गंमत अशी, की यातला एक रुपयाही पगाराच्या रकान्यात दिसला नाही. काही रिजेक्शनमध्ये, काही वाहतुकीत, काही मेंटेनन्समध्ये. पगार आटोक्यात ठेवला म्हणून एका साहेबांची पाठ थोपटली गेली, रिजेक्शन वाढलं म्हणून बोलणी मी खाल्ली. शेवटी रविवारी चाकणहून त्या जुन्या फिटरलाच बोलावलं. दबलेला कोपरा त्याने बोटाने दाखवला, तासाभरात शिम घातली. दिवसाचे जे मागितले ते मालकांनी रोख मोजले, घासाघीस न करता.

भोसरीचं उदाहरण आपल्याला किरकोळ वाटत असेल तर हेन्री फोर्ड घ्या. तो काही रडगाणी गाणारा नव्हता. १९१३ साली त्याच्या हायलँड पार्क कारखान्यात सुमारे १४ हजार माणसं कामावर टिकवण्यासाठी वर्षभरात ५२ हजारांहून जास्त भरती करावी लागली. दुसरा मिळतच होता की, रोज! जानेवारी १९१४मध्ये त्याने दिवसाचे पाच डॉलर जाहीर केले आणि पाळी नऊ तासांवरून आठवर आणली. त्या पैशाला अटी होत्या, कामगाराच्या घरात डोकावणारे तपासनीसही होते, तेव्हा फोर्डला संत करायची माझी इच्छा नाही. पण माणसं सोडून जायची थांबली, आणि पुढे फोर्डनेच या पगारवाढीला खर्चकपात म्हटलं. तोही निवृत्त सुपरवायझर होता का?

राहिली पन्नास जणांची रांग. लागू दे की. रांगेतल्या कुणाला प्रेसचा कोपरा माहीत आहे हे ज्याला ओळखता येत नाही, त्याने टूलरूम चालवू नये. यापलीकडे त्या वाक्यावर वेळ घालवण्यासारखं मला काही दिसत नाही.

ग्रॅच्युइटीची ओळ आज सकाळी दुरुस्त केली आहे. बाकी लेख आहे तसाच राहील. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा खाली नाव घाला, म्हणजे 'अहो' म्हणायचं की 'अरे', हे तरी मला कळेल.