यंत्रं मोजून झाली, मास्क कोण बसवणार?

सिडनीत राहून मराठवाड्यातल्या बातम्या वाचल्या की श्वासाच्या उपचारांची चर्चा यंत्रांच्या आकड्याशीच येऊन थांबते. 2021 मध्ये औरंगाबादच्या सरकारी घाटी रुग्णालयाला मिळालेले व्हेंटिलेटर सदोष निघाले, प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेलं. तो प्रश्न रास्तच होता. पण यंत्र चांगलं निघालं, तरी त्याचा मास्क तोंडावर नीट बसवून देणारा माणूस नसेल तर झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णाचं यंत्र लवकरच कपाटात जातं. इथे सिडनीतही बरेच जण ते सोडून देतात.

सिडनीतल्याच कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये झोपेत श्वास अडकणाऱ्या पाच रुग्णांवरचा सीपॅप या उपचाराचा प्रयोग प्रसिद्ध केला. नाकातून दाबाने हवा सोडायची, तिच्या आधाराने घसा उघडा राहतो. तत्त्व इतकं साधं. अवघड असतात पहिल्या पंधरा रात्री.

मास्क रुग्णाला आडवं करून, यंत्र चालू ठेवून बसवायचा. बसल्या बसल्या आवळलेला मास्क आडवं झाल्यावर सरकतो, हवा डोळ्यांत जाते. मग घरचे पट्टा आणखी ओढतात आणि नाकाच्या दांडीवर जखम होते. भरघोस मिशा असतील तर नाकपुड्यांशी टेकणारा छोटा मास्क बरा. मास्कवरची बारीक छिद्रं उच्छ्वासासाठी असतात. ‘हवा गळतेय’ म्हणून कुणी त्यांवर चिकटपट्टी लावली, तर सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत ओढला जातो.

इथल्या सूचना लातूर-परभणीत जशाच्या तशा चालणार नाहीत. हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये बोअरचं पाणी ओतलं की तळाला क्षार धरतो. डिस्टिल्ड वॉटरच हवं, तेही रोज ताजं. उन्हाळ्याच्या धुळीत फिल्टर दर आठवड्याला बघावा. लाईट गेली की मास्क काढायचा. यंत्र बॅटरीवर चालवायचं असेल तर ह्युमिडिफायर बंद ठेवावा, कारण पाणी तापवायलाच जास्त वीज लागते.

आणि सगळ्यांना सीपॅप नको. चुलीच्या धुराने फुप्फुसं खराब झालेल्या, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या आजींना बायपॅप लागतो, म्हणजे श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं यंत्र. त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन 88 ते 92 टक्के पुरे. तो 98 वर न्यायच्या नादात सिलिंडरचा प्रवाह वाढवला, तर कार्बन डायऑक्साइड आणखी साठतो आणि गुंगी येते.

घाटीने आणि जिल्हा रुग्णालयांनी यावर संशोधन करायचंच तर यंत्रात रोज नोंदले जाणारे वापराचे तास वाचावेत. रात्री चार तासही मास्क न लावणाऱ्याला दुसऱ्या आठवड्यातच फोन जावा, आणि तो फोन करणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार यंत्राच्या खरेदीबरोबरच मंजूर व्हावा.