घर बघायचं तर मे महिन्यात, दुपारी तीनला

आमच्याकडे फ्लॅट बघायला जायची तयारी अशी चाललीय की वाटावं फ्लॅटच आम्हाला बघायला येणारे. जळगावात टू बीएचके पाहिजे, एवढंच. पण आबांचं म्हणणं आधी सातबारा, एनए ऑर्डर (जमीन बिगरशेती केल्याचा आदेश), सर्च रिपोर्ट (जमिनीच्या मालकीचा वकिलाने केलेला तपास), मग बिल्डरचा चहा. मी महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर जाऊन कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, काढला, तो चौरस मीटरमधे असतो, चौरस फुटात आणायला त्याला १०.७६ ने गुणायचं, आणि त्यात बाल्कनी धरत नाहीत. फोनवर साडेनऊशे फुटाचा असलेला फ्लॅट गुणाकारानंतर साडेसहाशेच्या आत आला. बाकीचे तीनशे कुठे गेले विचारलं तर एजंट म्हणे, "लोडिंग आहे ना दादा." म्हणजे जिन्यात आणि लिफ्टमधे पण आपणच राहायचं.

आईचा प्रश्न एकच, गच्ची कोणाची? सोसायटीची म्हटल्यावर ती खाटेवर बसलीच. "मंग बिबडे-पापड कुठे वाळत घालू, तुह्या लोडिंगमधे?" शिवाय वर्षाचे गहू भरायची पत्र्याची कोठी दारातून आत गेली पाहिजे, त्यासाठी तिने सुतळीला गाठ मारून कोठीचं माप घेऊन ठेवलंय आणि ती सुतळी पर्समधे. माझ्या टेपवर तिचा विश्वास नाही. पाण्याचं एजंटला विचारायचंच नाही असंही ठरलंय, तो "रोज येतं" म्हणणार, आपण शेजाऱ्याच्या दारापुढचे निळे ड्रम मोजायचे.

बायकोला दार पूर्वेला पाहिजे, आणि बघितलेल्या प्रत्येक प्लॅनमधे दार पूर्वेला मिळालं की बेडरूम बरोब्बर पश्चिमेला जाते. इथंच माझा मुद्दा येतो. आपल्याकडे घर मे महिन्यात दुपारी तीनला बघावं, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, आणि बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावावा, हात टिकला तर टोकन द्यावं. वास्तुशास्त्र, ग्रॅनाइटचा ओटा, मॉड्युलर किचन सगळं नंतर. पण एजंट लोकांना सकाळी आठ नाहीतर संध्याकाळी सात याशिवाय वेळच माहीत नाही. "संध्याकाळी या ना दादा, काय मस्त हवा असते." अरे पण मला दुपारी पण तिथंच राहायचंय ना भो!

शेवटी तीनचं ठरलं. रुमाल, कांदा, पाण्याची बाटली, सुतळी असं सगळं घेऊन पोचलो तर एजंट डोक्याला उपरणं गुंडाळून समोरच्या निंबाखाली बसलेला. तिथूनच किल्ली पुढे केली, "टॉप फ्लोअर आहे, तुम्ही बघून या निवांत, मी इथंच थांबतो."