जिनिंग 37 टक्केच चालतात? खुलासा

गृपवर फिरतंय की खान्देशातल्या जिनिंग (कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणारे कारखाने) फक्त 37 टक्के चालतात म्हणजे बाकी मशिनरी भंगारात गेली. मंडळी, असं नाहीये, आणि हे वाचून जिनवरची पोरं घाबरलीत म्हणून लिहितोय.

हे 37 टक्के म्हणजे क्षमता वापर, म्हणजेच झालेलं उत्पादन भागिले होऊ शकणारं उत्पादन. खरी गोम भागाकारात खाली काय धरलं यात आहे. समजा प्रेसची (रुई दाबून गाठी बांधणाऱ्या मशीनची) ताकद दिवसाला 300 गाठी, एक गाठ 170 किलो रुईची, म्हणजे साधारण 5 क्विंटल सरकीसकट कापूस लागतो. वर्षात 40,500 गाठी निघाल्या. 365 दिवस धरले तर 37 टक्के, पण कापूस येतो दसऱ्यापासून मार्च-एप्रिलपर्यंत, ते 180 दिवस धरले की तोच आकडा 75 टक्के होतो! जूनमध्ये जिन बंद असणारच ना, कापूसच नसतो. सुरवातीला ओला कापूस आला की रोलरला रुई गुंडाळते, स्पीड कमी करावाच लागतो, तोही फरक पडतोच.

आणि रिझर्व्ह बँकेचा क्षमता वापराचा आकडा याच्या शेजारी ठेवू नका, तो देशभरातल्या कारखान्यांचा तिमाही सर्व्हे असतो. तोसुद्धा एप्रिल-जून 2020 च्या लॉकडाऊनमध्ये 47.3 टक्क्यांवर आला होता, नंतर परत वर गेलाच.