ज्या पोरीला शाळाच नाही तिला दप्तर कशाला?

शाळा उघडायच्या आदल्या शनिवारी महाद्वार रोडला मी दप्तर घेताना सापडलो. सापडलो म्हणजे दीप्यानं बघितलं, आणि दीप्यानं बघितलं म्हणजे रविवारी रात्री गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर विषय निघणार हे ठरलेलंच. कारण आमच्या दोन्ही पोरांना शाळाच नाही. पोरगा अकरा वर्षांचा, पोरगी नऊची, दोघं घरी शिकतात, बायको शिकवते. लॉकडाऊन लागला तेव्हा पोरगं पहिलीला जायचं होतं, मोबाईलवरची ती शाळा बघून डोकं उठलं, मग घरीच शिकवायला घेतलं आणि पुढं शाळा उघडल्या तरी आम्ही काय पाठवलं नाही.

तर रविवारी भुरभुर पाऊस, समोर म्हशी बांधलेल्या, हातात फेसाळ दुधाचे ग्लास, आणि दीप्यानं पहिल्या घोटालाच सुरू केलं.

"पाद्री, गुलाबी दप्तर कुणाला रे? तुझ्याकडं तर शाळा हॉलमध्येच भरती की. बेडरूममधनं हॉलमध्ये जाताना दप्तर लागतंय व्हय?"

मला हे पाद्री म्हणतात. मी पाद्री नाही, माझी छोटी ऑफसेट प्रेस आहे, पण दर रविवारी वाइल्डर मेमोरियल चर्चला जातो एवढ्यावर कॉलेजपासून हे नाव चिकटलंय ते चिकटलंय.

खरं सांगायचं तर उत्तर नव्हतं माझ्याकडं. जून आला की आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या पोरांचे नवीन रेनकोट, वह्यांना खाकी कव्हरं, स्टिकर, आणि आमची पोरगी जिन्यात उभी राहून बघत बसते. शुक्रवारी म्हणाली, "पप्पा, मी पण दप्तर घेतो की." (हो, घेतो. कोल्हापूरची पोरगी आहे, अमेरिकेचा अभ्यासक्रम वाचला तरी ती मी आलो, मी गेलोच म्हणणार.) मला काही सुचेना, घेऊन दिलं.

"म्हणजे पोरीला शाळा पाहिजे," सर म्हणाले.

सर म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतनं रिटायर झालेले, आमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण दूध प्यायला आमच्यातच. ते आवाज चढवत नाहीत, ग्लास खाली ठेवतात, आणि ग्लास खाली ठेवला की आपण समजायचं.

"कोल्हापुरात राहून पोरं घरी ठेवतोयस. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत पाठवलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. तू असतास तर?"

बंड्यानं लगेच हिशोब घातला. बंड्याचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, त्याला आकडा दिसला की राहवत नाही. "पोरगं पाच वर्षं म्हणजे साठ महिने, पोरगी तीन वर्षं म्हणजे छत्तीस, एका पोराला रुपया धरला तर शहाण्णव रुपये झाले की मर्दा. त्या काळातले शहाण्णव! प्रेस विकावी लागली असती."

मी म्हटलं सर, तो दंड पोरांना शिकूच न देणाऱ्यांना होता, शेतात नाहीतर जनावरांमागं लावणाऱ्यांना, आमची पोरं रोज चार तास शिकतात. आणि आत्ताच्या कायद्याचंही सांगितलं, की २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या पोरांना शिक्षण द्यायची जबाबदारी सरकारवर टाकलीय, त्यात होमस्कूलिंग हा शब्दच नाही, परवानगी पण नाही आणि आईबापाला शिक्षा पण नाही. पुढं चौदा वर्षं झाली की ओपन स्कूलमधनं दहावी देता येते, नाहीतर आपला सतरा नंबर फॉर्म आहेच. हे सगळं मला पाठ आहे, कारण गेली पाच वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात हेच म्हणून दाखवतोय.

"कायदा कोण विचारतोय," सर म्हणाले. "१९१९ ला महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि सगळी पोरं एका शाळेत बसवली. नुसतं शिकवायचंच असतं तर वेगळ्या शाळेत पण शिकवलं असतं की. एका बाकावर कोण बसतंय हे पण शिक्षणच आहे. तुझं पोर कुणाच्या शेजारी बसतंय? बहिणीच्या."

यावर मी गप्प झालो. पोरगा संध्याकाळी पेठेत फुटबॉल खेळतो, तिथं सगळ्या घरची पोरं असतात, चिखलात लोळून एक रंगाची होऊन घरी येतात, हे मी नंतर सांगितलं पण ते अर्धंच उत्तर आहे हे मला पण कळत होतं. पोरगी तर फुटबॉलला पण जात नाही.

मग मी माझा हुकमी पत्ता काढला, पंडिता रमाबाई. शाळेचं तोंड बघितलं नव्हतं बाईंनी. वडील अनंतशास्त्री डोंगरे, त्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतला, आणि मग आईनं रमाबाईंना शिकवलं, तीर्थयात्रा करत, पायी फिरत. १८७८ ला कलकत्त्यात पंडितांनी परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. पुढं ख्रिस्ती झाल्या आणि हिब्रू, ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. घरी शिकलेली बाई!

"झालं बोलून?" सर म्हणाले. "मग त्या बाईनं पुढं आयुष्यभर काय केलं? १८८९ ला मुंबईत विधवा पोरींसाठी शारदासदन ही शाळा काढली. नंतर केडगावला मुक्ती मिशन. घरी शिकलेल्या बाईनं दुसऱ्यांच्या पोरींना घरी बसा म्हणून नाही सांगितलं. आणि तुमचे वाइल्डर साहेब, ज्यांच्या नावाच्या चर्चमध्ये तू सकाळी जाऊन आलास, ते १८५२ ला कोल्हापुरात आले आणि शाळा काढल्या. तुमच्याच लोकांनी आम्हाला शाळा दाखवली आणि तूच पोरं काढून घेतोस व्हय रे?"

दीप्या खिदळायला लागला. माझा पत्ता माझ्यावरच पलटी.

मी जरा तापलो. म्हटलं सर, आमच्यासाठी ही नुसती शिक्षणाची गोष्ट नाही, श्रद्धेची पण आहे. बायबलच्या जुन्या करारात अनुवाद नावाचं पुस्तक आहे, त्याच्या सहाव्या अध्यायात आईबापाला सांगितलंय की देवाच्या गोष्टी पोरांना शिकव, घरी बसला असशील तेव्हा, वाटेनं चालताना, झोपताना, उठताना. सकाळी नऊ ते चार पोर आपल्याजवळ नसलं तर ते बोलणार कधी, रात्री पोर पेंगताना?

सरांनी विचार केला. "वाटेनं चालताना म्हणालास ना? मग वाटेला काढ की तिला. थर्ड फ्लोअरला कुठली वाट आलीय."

हे मला लागलं. म्हणजे लागायला नको होतं इतकं लागलं, आणि तिथं मी चूक केली, जे बोलायचं नव्हतं ते बोलून बसलो.

झालं असं की मागच्या बुधवारी प्रार्थनेला मी साक्ष दिली होती, उभा राहून, की प्रभूनं आमच्या घराला समाधान दिलंय, आम्हाला कुणाशी तुलना करायची गरज वाटत नाही वगैरे. लोक आमेन म्हणाले. आणि त्याच रात्री साडेअकरा वाजता मी पाचवीच्या स्कॉलरशिपचे जुने पेपर डाऊनलोड करत होतो. दुसऱ्या दिवशी बायको बाजारात गेल्यावर पोराला गुपचूप पेपर एक सोडवायला बसवला, मराठी आणि गणित, दीडशेचा. चौसष्ट पडले. पोरगं म्हणालं पप्पा हे कशासाठी, मी म्हटलं असंच, आईला सांगू नको. त्यानं सांगितलं. तीन दिवस घरात माझ्याशी कामापुरतं बोलणं.

हे सांगितल्यावर कट्ट्यावर कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. बंड्या म्हणाला, "आयला पाद्री, शाळेत घालायचं नाही आणि माप मात्र शाळेचं लावायचं. मीटरचं काम आणि इंचाची टेप, कसं जुळायचं?"

दीप्या म्हणाला, "तुकोबा सांगून गेलेत की, ठेविले अनंते तैसेचि रहावे."

"ते ठेविलेलं आहे व्हय," सर म्हणाले, "ते ह्यानं स्वतः निवडलंय. निवडलेल्यात समाधान मानणं ठेवलेल्यापेक्षा अवघड. ठेवलेलं असलं की देवावर ढकलता येतंय."

मी म्हटलं बायबलमध्ये पौलानं पण लिहिलंय फिलिप्पैकरांना, की जी परिस्थिती असेल तिच्यात राहायला मी शिकलो. शिकलो म्हणतो तो, आणि कैदेत बसून म्हणतो. म्हणजे त्याला पण आधी येत नव्हतं. मला अजून येत नाही एवढंच.

"मग वहिनींना येतंय का?" बंड्यानं विचारलं.

आणि इथं खरी गोची आहे, कारण तिला येतंय. निदान माझ्यापेक्षा. सुरुवातीला ती पण हैराण व्हायची. मोबाईलवर अमेरिकेतल्या होमस्कूलवाल्या बायका बघायची, लाकडाचं मोठं टेबल, खिडकीतनं ऊन, सहा पोरं शांत बसून वाचतायत, आई ब्रेड भाजतेय. आमच्याकडं कुकरची शिट्टी, सासूबाईंची मालिका, खाली भंगारवाला. तिकडचा अभ्यासक्रम पण मागवला होता आम्ही, महाग पडला. त्यात नाण्यांचा धडा, निकेल पाच सेंटचा आणि डाईम दहाचा, पण डाईम निकेलपेक्षा लहान. पोरगी विचारून विचारून थकली की मोठं नाणं कमी पैशाचं कसं. एक दिवस बायकोनं ते पुस्तक मिटलं, हिला घेऊन कपिलतीर्थ मार्केटला गेली आणि भाजीचे सुट्टे हिच्या हातात दिले. त्या दिवसापासनं ते अमेरिकेतलं टेबल बघणं बंद. आता कधी एखादा धडा दोन आठवडे चालतो, कधी एका दिवसात तीन होतात, तिला काही वाटत नाही. मला वाटतं. मी प्रेसमध्ये बसून वाटून घेतो.

"म्हणजे समाधान सांगणार तू, उभा राहून, आणि घाम वहिनींचा," बंड्या म्हणाला. "तू सकाळी नऊला घरातनं बाहेर. होमस्कूल कुणाचं रे हे? साक्ष त्यांनी द्यायला पाहिजे होती. त्यांना कोण सुट्टी देतंय? शाळेच्या बाईंना पण रविवार असतोय."

रविवारी ती संडे स्कूल घेते, हे मी सांगितलं नाही. कशाला.

सरांचं मत काही बदललं नाही, माझंही नाही, म्हणजे पोरं उद्यापासनं शाळेत जातील असं काही झालं नाही. पण उठताना बंड्या म्हणाला, "पोराला शनिवारी पाठव वर्कशॉपला. व्हर्नियर धरायला शिकवतो. मिलिमीटरचा दहावा भाग हातानं कळला की अपूर्णांक परत विचारायचे न्हाईत." आणि सर म्हणाले पोरीलाही पाठव, नुसतं पोराचं काय लावलायस. बंड्या म्हणाला बर दोघं. मग सर जरा थांबून म्हणाले की त्यांच्या गल्लीतल्या पाच-सहा पोरी संध्याकाळी त्यांच्याकडं पाढे म्हणायला येतात, फी नाही, चटई आहे. "दप्तर घेऊन ये म्हणावं."

मी दुधाचे पैसे दिले. हरलेल्यानं द्यायचे असा नियम नाही आमच्यात, पण त्या दिवशी दिले.

घरी आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पोरं झोपलेली. बायको किचनच्या टेबलावर उद्याचं काहीतरी आखत होती. मी सगळं सांगितलं, चौसष्ट मार्कांचं पण परत एकदा, आणि बंड्या काय म्हणाला ते पण. मला वाटलं ती म्हणेल जाऊ दे, असं काही नसतं.

ती म्हणाली, "बंडूभावजींचं बरोबर आहे. गुरुवारी मी मिरजेला आईकडं चाललेय, सकाळच्या गाडीनं, संध्याकाळी येते. तू प्रेस बंद ठेव. भागाकार चाललाय दोन अंकी, आणि तिला हातचा विसरायची सवय आहे, ओरडू नको."

बुधवारी रात्री तिनं डबा, पाण्याची बाटली आणि आईसाठी खाजा भरायला पिशवी शोधली, सापडेना. पोरीनं आपलं गुलाबी दप्तर आणून दिलं. गुरुवारी सकाळी साडेसहाला बायको ते पाठीला लावून स्टेशनला गेली, आणि मी गॅलरीतनं बघत राहिलो. मग आत आलो. दोघं पाटी-पुस्तक मांडून बसली होती.

"पप्पा," पोरगी म्हणाली, "तुला हातचा येतोय ना?"